अनिलच्या हातची बियर

आमच्या मांडवीच्या घराच्या मागच्या पडवीत दर रविवारी दुपारी बियरच्या बाटल्या उघडतात हे साऱ्या आळीला ठाऊक आहे. त्याच घरात नगरपालिकेच्या शाळेतली एक निवृत्त बाई राहते हेही ठाऊक आहे. ती बाई मी. सुरुवातीला लोक विचारायचे, बाई, तुमच्या घरात हे कसं चालतं? मी म्हणायची, माझा भाऊ पितो तो माझ्या डोळ्यांदेखत पितो, तुमचे कुठे बसतात ते तुम्हाला तरी माहीत आहे काय? मग कोणी विचारीनासं झालं.

भाऊ म्हणजे अनिल, माझ्या पाठचा. वीज मंडळात लाइनमन होता, उभा जन्म खांबांवर काढलान्. त्याची बायको गेली, मुलगा ऋत्विक पुण्याला असतो, आणि मी लग्न केलं नाही. ते का केलं नाही हा वेगळा विषय आहे आणि तो इथे निघणार नाही. तेव्हा घरात आम्ही दोघंच. पण मला सांगायचंय ते अनिलचं नाही, विठूचं. अनिल मध्ये मध्ये येईल, त्याला इलाज नाही, कारण ते दोघे लहानपणापासून एकमेकांच्या पायात पाय घालूनच चालत आलेत.

विठू गोताड मूळचा आतल्या गावातला, लांज्याकडचा. चौथीत असताना मांडवीला मामाकडे शिकायला आला आणि अनिलच्या बाकावर बसला. शिक्षण काही फार झालं नाही. आठवीनंतर मामाने त्याला मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात चिकटवून दिलं आणि तिथूनच तो गेल्या वर्षी बाहेर पडला. ट्रॉलर समुद्रात जायच्या आधी बर्फाच्या लाद्या फोडायच्या, भुगा करायचा आणि बोटीच्या पोटात ओतायचा, हे त्याचं काम. इतकी वर्षं थंडीत काढूनही माणूस मात्र उबदार. विठूला राग म्हणून येत नाही. दोघं भांडत असले तर हा दोघांनाही म्हणणार, तुझं बरोबर हाय. मी म्हणायची, विठू, हा स्वभाव नाही, हा आजार आहे, औषध घे. तर म्हणणार, आक्का, तुमचं बरोबर हाय. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

रविवारी अकराच्या सुमारास तो जुन्या स्कूटरवर बर्फाचं पोतं घेऊन यायचा. पडवीत आमच्या आईचं तांब्याचं घंगाळ आहे, त्यात बाटल्या उभ्या करायचा, वर बर्फ लोटायचा आणि त्यावर मूठभर खडं मीठ. मग कोणाला हात लावू द्यायचा नाही. अधूनमधून बाटलीच्या मानेला दोन बोटं लावून बघायचा आणि म्हणायचा, अजून नाय. अनिल चुळबुळायचा. मी आत मांदेली तळत असायची, मला पडवीतून तेवढंच ऐकू यायचं, अजून नाय, अजून नाय.

ह्या मंडळींचा एक नियम होता आणि तो विठूनेच घातलेला. आपण आणलेली बाटली आपण प्यायची नाही, ती दुसऱ्याच्या ग्लासात ओतायची. आपल्याकडे झाडाचा पहिला फणस फोडला की गरे आधी शेजारी जातात, त्याला वानवळा म्हणतात. विठूचं म्हणणं, आवडीची वस्तू एकट्यानं खाल्ली तर ती नुसती पोटात जाते. म्हणून दरेकाने आपल्या आवडीची बियर आणायची आणि वानवळ्यासारखी दुसऱ्याला पाजायची. पिणाऱ्याने मग ती कशी आहे ते खरं सांगायचं. ह्या खरं सांगण्यावरून जी काय रणं माजायची ती विचारू नका.

अनिलची ती हिरवी. खरं नाव तोंडात मावत नाही, म्हणून बाटलीच्या रंगावरून हिरवी. हलकी, थोडी कडवट, आणि गार असेपर्यंतच चांगली, असं अनिल मुंजीतल्या भटजीसारखा गंभीर होऊन सांगायचा. ती तो ओतायचा मात्र सुरेख. ग्लास तिरका धरायचा, धार काठाला लावायची, अर्धा भरला की ग्लास हळूहळू सरळ करत आणायचा, आणि वर बरोबर दोन बोटं फेस. खांबावर चढून तारा जोडणारा हात, तो हलायचाच नाही. विठूची ती तांबडी, लाल लेबलाची, कडक. एक ग्लास पोटात गेला की कान तापतात असली. हिरवीबरोबर मांदेली, तांबडीबरोबर सुका बांगडा भाजून, हे ठरलेलं. उलट झालं तर दोघंही नाक मुरडणार, आणि मासे तळणारी मी, म्हणजे बोलणी मला.

तिसरा फारुक. फारुक मजगांवकर मस्कतला क्रेन चालवून आला आणि आता स्वतःची गाडी भाड्याने चालवतो. तो दारूला शिवत नाही, पण रविवार चुकवत नाही. तिकडे मिळतं तसं डाळिंबाचं फेसाळ पेय, बिनदारूचं, तो कुठून कुठून पैदा करून आणतो आणि बियरच्याच ऐटीत घंगाळात ठेवतो. नियमाप्रमाणे त्याची बाटली दुसऱ्याला जायला हवी. ती मला यायची. तेव्हा मीही त्या मंडळाची सभासद आहे, कोणी नाकारू नये.

एकदा ऋत्विक पुण्याहून मोठ्या बाटलीत गव्हाची बियर घेऊन आला. तिथे म्हणे डोळ्यांसमोर गाळून देतात. गढूळ, पिवळसर, वर संत्र्याच्या सालीचा वास. पोराने फार हौसेने ओतली आणि विठूकाकाच्या तोंडाकडे बघत बसला. विठूने घोट घेतला, डोळे मिटले. मग म्हणाला, बाळा, पेज झकास झालीय, जोडीला लोणचं असतं तर मजा आली असती. आम्ही हसून हसून आडवे झालो. पोरगा हिरमुसला, तर विठूने त्याच्या पाठीवर हात ठेवून ती अख्खी बाटली एकट्याने संपवली. त्याला ती अजिबात आवडली नव्हती, मला दिसत होतं. असा हा माणूस.

गेल्या दिवाळीनंतर अनिलच्या छातीत कळ आली. इथल्या डॉक्टरांनी बघून कोल्हापूरला न्या म्हणून सांगितलं, आणि तिथे गेल्यावर ऑपरेशन करायचं ठरलं. ऋत्विक धावत आला, माझे भाचे आले, वीज मंडळातली माणसं आली. ऑपरेशनच्या दिवशी सगळे होते आणि विठू नव्हता. फारुकही नव्हता. आदल्या संध्याकाळपर्यंत दोघं तिथेच होते, आणि ऐन वेळेला गायब. मी ते मनात धरलं. माणसं ओळखायची ती अशा वेळी, असं मी ऋत्विकला म्हटलंसुद्धा.

देवाच्या दयेने अनिल उठला. घरी आला, पडवीत चालायला लागला, मला हुकूम सोडायला लागला, तेव्हा मी समजले की आता बरा आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दारूचा थेंब नाही, बियरसुद्धा नाही. मला वाटलं आता घरात आकाशपाताळ होणार. पण नाही. अनिल म्हणाला, मला प्यायची बंदी आहे, पाजायची नाही. आमच्यात नाहीतरी आपली बाटली आपण पीतच नाही. आणि फोन करून त्याने विठूला रविवारचं आवतण दिलं.

त्या रविवारी अनिल सकाळपासून नवऱ्यामुलासारखा तयार होऊन बसला. हिरवीच्या बाटल्या त्याने स्वतः मागवल्या. विठू बर्फ घेऊन आला, घंगाळ भरलं, दोन बोटं लावून बघितली, झाली म्हणाला. अनिलने ग्लास तिरका केला. हात थोडा थरथरत होता, पण फेस बरोबर दोन बोटं आला. त्याने तो ग्लास विठूपुढे धरला.

विठू म्हणाला, नको.

पोट बरं नाही का, अनिलने विचारलं. विठूने मान हलवली, त्यातून हो की नाही ते कळेना. मग माझ्याकडे वळून म्हणाला, आक्का, कोकम सरबत असलं तर द्या. मी दिलं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. बर्फ आणायचा, बाटल्या गार करायचा, अनिलला ओतू द्यायचा, आणि ग्लास पुढे आला की नको. का, विचारलं तर असंच. आता विठूला खोटं बोलता येत नाही हे आम्हाला पन्नास वर्षं माहीत आहे. असंच म्हणताना तो घंगाळाकडे बघायचा. फारुक तर तेवढ्यात उठून नळावर हात धुवायला जायचा, हात स्वच्छ असले तरी.

अनिलला जे वाटलं ते मला कळत होतं. बियर गेली, त्याचं त्याला काही नव्हतं. त्याच्या हातून एवढंच एक काम उरलं होतं, मित्राला प्रेमाने एक ग्लास ओतून द्यायचा, आणि तोही ग्लास परत येत होता. आणि अनिलच्या डोक्यात शिरलं की विठू त्याची कीव करतोय. ह्याला पिता येत नाही, मग ह्याच्यासमोर आपण कशाला प्यायची, असं. लाइनमनला कीव चालत नाही. माघ महिन्यातल्या एका रविवारी त्याचा बांध फुटला.

"माझ्यासमोर उपास धरू नकोस विठू," तो म्हणाला. "मी मेलेलो नाही अजून. माझ्या हातची घ्यायची नसेल तर माझ्या दारात येऊ नकोस."

मला वाटलं आता तरी हा काही बोलेल. विठू उठला, चपला घातल्या, स्कूटरला लाथ मारली आणि गेला. पोतं तसंच राहिलं, बर्फाचं पाणी पडवीभर झालं. मी तो भरलेला ग्लास कढीपत्त्याच्या मुळाशी ओतला आणि फडकं घेऊन पुसत बसले. अनिल खोलीत जाऊन पडला तो संध्याकाळी चहालाही उठला नाही.

रविवार बंद झाले. फारुक एकटा येऊन बसायचा, डाळिंबाचं मला द्यायचा, थोडं बोलायचा, जायचा. शिमगा आला. दरवर्षी शिमग्याला अनिल विठूबरोबर त्याच्या गावी जातो, तिथल्या वाघजाईची पालखी नाचवायला. कधी चुकवलं नाही. ह्या वर्षी विठू बोलवायला आला, फाटकापाशी उभा राहिला, मला म्हणाला, आक्का, अनिलला म्हणावं, नाचवू नको पालखी, नुसता ये. असं म्हणताना त्याचा आवाज असा काही झाला की मी चमकले. आत जाऊन सांगितलं, तर अनिलने भिंतीकडे तोंड केलं. विठू बराच वेळ फाटकाशी उभा होता. मग निघून गेला.

त्यानंतर अनिलचं जेवण उतरलं. औषधं वेळेवर, फिरणं वेळेवर, पण माणूस सुकत चाललेला. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. कसलं ठीक, कप्पाळ! दर रविवारी दुपारी तो पडवीत येऊन त्या पालथ्या घातलेल्या घंगाळाकडे बघत बसायचा, हे डॉक्टरांच्या कुठल्या यंत्रात दिसणार?

मग माझं डोकं फिरलं. एका सकाळी मी रिक्षा करून मिरकरवाड्याला विठूच्या खोलीवर गेले. बायको मुलीच्या बाळंतपणाला विरारला गेलेली, हा एकटाच भाकऱ्या थापत होता. मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑपरेशनच्या दिवशी तोंड काळं केलंस तेही काढलं. म्हटलं, एक ग्लास घेतलास तर काय मरशील? हे ऐकून तो एकदम माझ्याकडे बघायला लागला. डोळे भरलेले. पण तोंडातून एवढंच, "आक्का, मारा हवं तर, पण विचारू नका." आणि मला चहा करून दिलान्. मी रागाने तो चहा प्यायले आणि निघाले.

खाली जेटीच्या रस्त्याला फारुक गाडी लावून उभा. मला बघून म्हणाला, आक्का बसा, घरी सोडतो. बसले. मांडवीच्या वळणापर्यंत आलो. मग त्याने गाडी थांबवली आणि सांगून टाकलं. म्हणाला, मी कोणाला शब्द दिलेला नाही, मी फक्त गाडी चालवत होतो, तेव्हा मी सांगू शकतो.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री विठूने फारुकला उठवलं आणि म्हणाला, मला गावाला घेऊन चल. उजाडायच्या आत दोघं वाघजाईच्या देवळात. तिथे विठू गुरवाला उठवून देवीला नवस बोलला. आवडीची वस्तू सोडायची असते नवसात. ह्याच्या आवडीची वस्तू एकच. अनिल बरा होऊन आपल्या पायांनी तुझ्या दारात येईपर्यंत अनिलच्या हातची बियर तोंडाला लावणार नाही. आणि नवस फिटेपर्यंत अनिलला कळता कामा नये, कारण ज्याच्यासाठी बोललो त्याला सांगितलं तर तो नवस राहत नाही, उपकार होतो, असं त्यांच्या गावात मानतात.

मी म्हटलं, पण ह्याच्या आवडीची तर तांबडी ना? फारुक हसला. म्हणाला, आक्का, तांबडी अनिलला आवडते म्हणून तो आणायचा. त्याला स्वतःला ती घशाखाली उतरत नाही. त्याला आवडते ती अनिलने ओतलेली हिरवी. तेवढ्यासाठी तो आठवडाभर थांबायचा.

तेव्हा गुरवाने त्याला बजावलं होतं म्हणे, दुसऱ्याच्या पायांवर नवस बोलू नये, आपल्या पायांवर बोल. पण विठू म्हणाला, अनिल शिमग्याला दरवर्षी येतोच की! एवढाच त्याचा हिशेब. नवस बोलताना त्याला हे सुचलं नाही की ग्लास नाकारला तर अनिल चिडेल, आणि चिडला तर शिमग्याला येणार नाही, आणि आला नाही तर नवस फिटणार नाही. साध्या माणसाने स्वतःच्याच वाटेत खड्डा खणला आणि त्यात उभा राहून वाट बघत बसला.

आता मी काही नवसाबिवसातली बाई नाही. शाळेत मी विज्ञान शिकवलंय. घरी जाऊन अनिलला सरळ सांगून टाकावं असं मनात आलं. पण छातीवर टाके असलेला भाऊ घरात असला की विज्ञानाचा तास संपतो. माझ्या तोंडातून ते गेलं आणि उद्या अनिलला काही झालं तर? माझी जीभ रेटेना. म्हणजे आता विठू सांगू शकत नाही, मी सांगू शकत नाही, आणि ज्याला तिथे जायचंय तो त्या गावाचं नाव घेतलं की भिंतीकडे तोंड करतो.

शेवटी मी खोटं बोलले. अनिलला म्हटलं, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी वाघजाईला ओटी बोलले होते, तू स्वतः बरोबर यायला हवंस. त्याने डोळे वटारले. तुला त्याच्याच गावची देवी सापडली? मी म्हटलं, तू टेबलावर पडलेला होतास, त्या वेळी जी आठवली तिला हात जोडले, यादी काढून निवडायला वेळ नव्हता. येणार आहेस की मी एकटी जाऊन सांगू तिला, भाऊ बरा झालाय पण अंगात मस्ती आलीय म्हणून? बराच वेळ धुमसला, मग म्हणाला, ये म्हणावं फारुकला गाडी घेऊन.

चैत्रातला दिवस. वाटेत काजूच्या बोंडांचा वास, आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो. अनिल पुढे बसला होता, खिडकीतून बघत होता. विठूला फारुकने कळवलं होतं आणि तो पहाटेच्या एसटीने पुढे गेला होता. मी म्हटलं होतं, दिसू नको, देवळाच्या मागे थांब. पण त्याने आपल्या चपला तशाच पायरीखाली काढून ठेवल्या. अनिलने त्या चपला बघितल्या, आणि तो जो वळला तो थेट समोरच्या पिंपळाच्या पारावर जाऊन बसला. म्हणाला, तुझी ओटी तू भर, मी इथून नमस्कार केलाय.

मी विनवलं, रागावले, एकदा तर हात धरून ओढलं. दगड बरा. जेमतेम वीस पावलं राहिली होती आणि माणूस हलेना. मला रडू कोसळलं, ते लपवायला मी देवळात शिरले. विठू खांबाला टेकून उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पाराकडे बघितलं आणि समजला. म्हणाला, राहू दे आक्का, चिडलाय तो, त्याचं बरोबर हाय.

म्हातारा गुरव हे सगळं बघत होता. आमच्या कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गुरव देवाला मोठ्या आवाजात सगळी हकीकत सांगतो आणि उभी असलेली माणसं दर वाक्याला होकार देतात. देवासमोर झाकून काही बोलायचं नसतं. गुरवाने विठूच्या हातातला नारळ घेतला, देवीपुढे ठेवला, आणि खणखणीत आवाज लावला. त्या वयात इतका आवाज कुठून आला कोण जाणे, मला तरी तो मुद्दाम लावल्यासारखा वाटला.

"आई वाघजाये, बारा वाड्यांच्या मालकिणी, आज तुझा हा लेक विठू गोताड तुझ्या पायाशी उभा हाय."

"व्हय म्हाराजा," विठू म्हणाला. मी म्हणाले. बाहेरून फारुक गाडीला टेकून बघत होता.

"त्याचा दोस्त अनिल कोल्हापुरास मरणाच्या दारात पडला, तेव्हा ह्यानं तुला शब्द दिलान्, का दोस्त बरा होऊन आपल्या पायांनी तुझ्याकडं येईपर्यंत मी त्याच्या हातची..." इथे गुरव अडला. देवीपुढे हा शब्द त्याच्या घराण्यात कोणी उच्चारला नसणार. खाकरला, पदर सावरावा तसं खांद्यावरचं उपरणं सावरलं. "बियर तोंडाला लावणार नाय."

"व्हय म्हाराजा."

"तो शब्द ह्यानं पाळलान्. दोस्तानं दारातून काढलान्, तरी तोंड उघडलान् नाय, पाळलान्."

विठूला पुढचं म्हणवेना. त्याचे ओठ हलत होते. मी एकटीनेच काय ते म्हटलं, तेही धड नाही.

"आता दोस्त बरा हाय, पण तुझी पायरी चढत नाय. ह्याच्या हातात होतं तेवढं ह्यानं केलान्. जे ह्याच्या हातात नाय, त्यापायी ह्या दोघांना काय करू नको. आई, उणंदुणं पोटात घाल, आणि दोघांना बरोबर राख."

आता कोणी बोलायचं? विठू ओंजळीत तोंड खुपसून रडत होता, मी पदराने डोळे पुसत होते. गुरव वळून आमच्याकडे बघत थांबला. होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला.

अनिल पायरीवर उभा होता. छातीवर हात दाबून धरलेला, चेहरा लालबुंद. मला वाटलं कळ आली, मी धावले. पण कळ नव्हती. तो खांबावर चढणारा माणूस त्या तीन पायऱ्यांवर उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. गुरव म्हणाला, चपला काढ आणि आत ये, नवस फिटू दे एकदाचा. अनिलने चपला भिरकावल्या आणि आत आला. देवीला नमस्कार करायच्या आधी त्याने विठूच्या पाठीत एक धपाटा घातलान्, चांगला सणसणीत. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मी ओटी भरली. देवीला मनात म्हटलं, खोटं बोलले होते, पण आता खरं करते, तेवढं सांभाळून घे.

परत येताना अनिल मागे विठूजवळ बसला, मी पुढे. पालीचा घाट उतरेपर्यंत तो विठूला गाढवा, मूर्खा, बैलोबा असं काय काय म्हणत होता, आणि विठू दर शिवीला मान हलवत होता. शिव्या संपल्या. मग अनिल हळू आवाजात म्हणाला,

"आणि मी आलोच नसतो तर?"

"तर नसती घेतली," विठू म्हणाला.

"जन्मभर?"

"जन्मभर. तू असतास ना पण."

फारुकने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. पुढचं दिसत नाही म्हणाला.